चिपाडाच्या विक्रीत नाव कुणाचं?

वरवंड-केडगाव पट्ट्यातल्या गुऱ्हाळांचे हिशेब मी बरीच वर्षं लिहितोय. मजुराच्या डोक्यातली युक्ती मालकाच्या खात्यात कशी जमा होते, हे वही लिहिणाऱ्याला आधी दिसतं.

१. युक्ती बहुधा सगळ्यात कमी मजुरीवाल्याकडून येते. गुळव्याला मान आणि मजुरी दोन्ही चढी. चुलवाणात जाळ घालणाऱ्याला दोन्ही नाही. पण उसाचा रस काढून उरलेलं ओलं चिपाड किती धूर करतं, काहिलीला उकळी यायला किती वेळ खातं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? अशाच एकाने चिपाड वाळत घालायची आणि रचायची पद्धत बदलायला लावली. त्या हंगामात चिपाड उरलं, विकलं गेलं. वहीत ‘चिपाड विक्री’ एवढंच जमेला. त्याचं नाव मात्र नेहमीसारखं खर्चाच्या बाजूला.

२. बक्षीस उचलीत वळतं करू नये. यावर मी मालकांशी भांडतो. मजूर येतो तोच अंगावर उचल घेऊन. मालक सांगतो, “दिले की त्याला!” दिले म्हणजे उचलीतून वजा केले. देणं कमी झालं हे खरं, पण हातात दमडी पडली नाही, घरी सांगायला काही नाही. पुढच्या वर्षी तो गप्प बसतो. बक्षीस वेगळं द्यावं, पावती त्याच्या नावाची करावी आणि पैसे मुकादमाच्या हाती देऊ नयेत.

३. टॉवेल-टोपी आणि फोटो जरूर करा. त्याला मोबदला म्हणू नका.

४. वाटा आधी ठरवा. हे काही नवं नाही. स्कॉटलंडमधल्या डंबार्टनच्या डेनी जहाजबांधणी कंपनीने १८८० मध्येच कामगारांनी सुचवलेल्या सुधारणांसाठी बक्षीस योजना सुरू केली होती. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवतात. त्यांनी १९८३ पासून निवडून वाढवलेल्या एचएमटी भातावरून अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पुढे पीकेव्ही-एचएमटी हा वाण आणला. दादाजी कुणाचे नोकर नव्हते, सत्कारही पुष्कळ झाले. तरी २०१८ मध्ये ते गेले ते तंगीतच. म्हणून मला एकरकमी बक्षिसापेक्षा दोन-तीन हंगाम बचतीतला ठरलेला हिस्सा बरा वाटतो. मजूर उत्तर प्रदेशातला असला आणि परत आला नाही, तरी मोबाईलवरून पैसे पोचतातच.

५. युक्तीने एखादा माणूस कमी होणार असेल, तर या हंगामात कुणाला काढणार नाही, असं मालकाने आधी सगळ्यांसमोर सांगावं. नाहीतर सुचवणाऱ्याचाच भाऊबंद घरी बसायचा.

६. केंद्राने विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार कामगारांच्या सूचनांसाठीच ठेवला होता. जवळच्या कुरकुंभच्या कारखान्यातल्या कामगाराने तो अजून दिला जातो का, ते विचारून पाहावं. गुऱ्हाळवाल्याने त्याची वाट पाहू नये.

७. मालकांची ठरलेली तक्रार: “मग उद्या प्रत्येक जण युक्ती घेऊन येईल.” येऊ द्या की! युक्ती पारखणं सोपं आहे. एका आधणाला नेहमीच्या पद्धतीने लागलेलं चिपाड तोला, दुसऱ्याला नव्या पद्धतीने लागलेलं तोला. काटा गुऱ्हाळावर असतोच.