मुले लांब, आईवडील घरी : काळजी घ्यावी तरी कशी?

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत आता असे घर क्वचितच सापडेल, की ज्या घरातील एक तरी कर्ता माणूस बाहेरगावी नाही. डहाणू, घोलवड, बोर्डीकडील वाडीवाल्यांची मुले मुंबई, पुणे, कोणी थेट अमेरिकेत. तलासरी, उधवा, झरी, सायवन भागातील तरुण वापी-उंबरगावच्या कारखान्यांत, दिवाळीनंतर वीटभट्टीवर, तर कित्येकजण उचल घेऊन ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून रोज जाऊन-येऊन नोकरी करणारेही वाढले. मागे घरी राहतात ती म्हातारी माणसे.

या मुलांना आईवडिलांची माया नाही, असे मला मुळीच वाटत नाही. गेली अनेक वर्षे मी या भागात रुग्ण तपासतो. बाहेरगावच्या मुलांचे फोन मला नेहमी येतात. "डॉक्टर, आईकडे जरा लक्ष ठेवा," असे ते कळवळून सांगतात. माया असते, पैसेही येतात. परंतु लांबून काळजी कशी घ्यायची, हे कोणी शिकवलेले नसते. आज त्याचाच विचार करू.

"मी बरी आहे" याचा अर्थ काय?

काही वर्षांपूर्वी एका सत्तरीतील बाईंना शेजाऱ्यांनी रिक्षात घालून माझ्याकडे आणले. अंग घामाने थबथबलेले, हात कापत होते, बोलणे असंबद्ध. शेजाऱ्यांना वाटले अर्धांगाचा झटका. रक्तातील साखर तपासली, ती ४२ निघाली. (७० च्या खाली गेली की ती कमी समजतात.) शिरेतून ग्लुकोज दिल्यावर बाई थोड्या वेळाने शुद्धीवर आल्या. साखर पुन्हा उतरू नये म्हणून त्यांना रात्रभर रुग्णालयात ठेवले.

यांचा मुलगा पुण्याला. तो रोज रात्री न चुकता फोन करी. "आई, बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना?" आई म्हणे, "बरी आहे रे. गोळ्या वेळेवर घेते." दोन्ही उत्तरे खरी होती! परंतु दाढ दुखत असल्याने चार दिवस त्या नुसत्या पेजेवर होत्या, आणि मधुमेहाची गोळी मात्र पूर्ण घेत होत्या. जेवण कमी आणि गोळी तेवढीच, म्हणून साखर उतरली. मुलाने गोळीची चौकशी केली, परंतु जेवणाची केली नाही. आईनेही सांगितले नाही, कारण दाढदुखीसाठी मुलाला कशाला काळजीत टाकायचे?

वाचकहो, आपली म्हातारी माणसे मुलांना त्रास नको म्हणून दुखणे लपवतात. म्हणून "बरी आहेस ना?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याचे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी असे प्रश्न विचारावेत, की ज्यांचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देता येणार नाही :

१) आज सकाळी काय खाल्लेस? किती भाकरी? काल रात्री काय केले होते?
२) रात्री लघवीला किती वेळा उठावे लागले? उठल्यावर चक्कर आली का?
३) आज घराबाहेर कुठे गेली होतीस? कोण भेटले?
४) गोळ्यांच्या पाकिटात किती गोळ्या उरल्या? मोजून सांग.

चौथ्या प्रश्नाचा हिशेब सोपा आहे. १ तारखेला ३० गोळ्या आणल्या आणि रोज एक घ्यायची असेल, तर १५ तारखेची गोळी घेतल्यावर १५ उरल्या पाहिजेत. २० उरल्या तर गोळ्या चुकताहेत, १० उरल्या तर एखादे दिवशी दोनदा घेतल्या जात आहेत. दोन्ही धोक्याचे.

नुसते काय बोलतात हे न ऐकता कसे बोलतात हेही ऐकावे. बोलताना धाप लागते का, तेच तेच पुन्हा विचारले जाते का, नेहमीची नावे आठवत नाहीत का? देवळात किंवा शेजारी जाणे अचानक बंद झाले असेल, तर गुडघेदुखी, कमी ऐकू येणे, दिसणे मंदावणे किंवा मनाची उदासी यांपैकी काहीतरी कारण असते. त्याचा शोध घ्यावा.

ताबडतोब हालचाल कधी करावी?

काही लक्षणे अशी आहेत, की "उद्या बघू" म्हणून चालत नाही. ही लक्षणे घरच्यांना, शेजाऱ्यांना सांगून ठेवावीत.

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, ही अर्धांगवायूची लक्षणे आहेत. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तत्पूर्वी सीटी स्कॅन करावा लागतो. त्यामुळे माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला, ती वेळ लिहून ठेवावी. आमच्या भागातून मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यातच बराच वेळ जातो. म्हणून रात्री-अपरात्री स्कॅनची सोय कोठे आहे, याची चौकशी आजच करून ठेवावी. तलासरीकरांना पालघरपेक्षा वापी किंवा सिल्वासाचे विनोबा भावे रुग्णालय जवळ पडते. आजारी माणसाला वेळेचे बंधन असते, राज्याच्या सीमेचे नाही.

साखर उतरल्याची लक्षणे वर सांगितलीच. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि मग जेवण द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून रुग्णालयात न्यावे. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरते. म्हणून बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तिसरे लक्षण फसवे असते. एक-दोन दिवसांत म्हातारा माणूस एकाएकी भ्रमल्यासारखा वागू लागतो, घरच्यांना ओळखत नाही, रात्री ओरडतो. याला वेड किंवा बाहेरची बाधा समजतात. परंतु वृद्धांमध्ये पुष्कळदा याचे कारण लघवीतील किंवा फुप्फुसातील जंतुसंसर्ग, अंगातील पाणी कमी होणे किंवा एखादे नवे औषध असते. वय झाले की जंतुसंसर्गात तापही येईलच असे नाही. आमच्या पाड्यांवर अशा वेळी भगताला बोलावतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी खुशाल बोलवावे, मात्र त्याच दिवशी रुग्णालयातही न्यावे. हा आजार वेळेवर उपचार केल्यास बहुधा बरा होतो.

जवळचा माणूस नेमून ठेवा

मुलगा लांब असेल तर त्याचे डोळे आणि हात गावातच असायला हवेत. त्याकरिता दोन माणसे नक्की करावीत. एक शेजारचा, जो पाच मिनिटांत घरी पोहोचेल. दुसरा नात्यातला किंवा मित्र, जो रुग्णालयात सोबत जाईल. आशाताईंचा नंबरही घ्यावा. या माणसांकडे घराची जादा किल्ली आणि थोडे रोख पैसे ठेवावेत. अडचणीच्या वेळी कोणाला पैसे मागण्याची पाळी येऊ नये.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविताना नुसते गावाचे नाव पुरत नाही. आमची गावे पाड्यापाड्यांत विखुरलेली. पाड्याचे नाव, जवळची शाळा, गाडी कोठपर्यंत येते हे सांगावे आणि एक माणूस रस्त्यावर उभा ठेवावा. हे चार ओळींत लिहून भिंतीवर चिकटवावे.

एका पिशवीत सर्व कागद ठेवावेत : चालू औषधांची यादी, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते, जुने रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड आणि मुलांचे फोन नंबर. औषधांच्या यादीचा फोटो मुलांनी स्वतःच्या मोबाईलमध्येही ठेवावा.

खलाशांच्या घरांची अडचण वेगळी आहे. बोट समुद्रात गेली की कित्येक दिवस फोन लागत नाही. हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून काहीजण पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षानुवर्षे अडकल्याचेही आपण पाहिले आहे. म्हणून बोटीवर जाण्यापूर्वीच घरातील निर्णय कोणी घ्यायचे, दवाखान्याचा खर्च कशातून करायचा, हे भाऊ-बहिणींसमोर ठरवून जावे. उचलीतील काही रक्कम आईवडिलांच्या औषधांसाठी बाजूला काढावी. मुलगा बंदरात येईपर्यंत आजार थांबत नाही.

प्रत्यक्ष सांभाळणाऱ्याचा मान

१९९१ साली अमेरिकेतील वृद्धरोगशास्त्राच्या एका नियतकालिकात डॉक्टरांनी 'कॅलिफोर्नियाची मुलगी' असे एका प्रकाराला नाव दिले. लांब राहणारी मुलगी आईच्या शेवटच्या आजारात विमानाने येते आणि इतके दिवस सांभाळणाऱ्यांचे सारे निर्णय फिरवू पाहते. आमच्याकडे कॅलिफोर्निया लागत नाही, बोरिवलीचा मुलगाही तेच करतो! वर्षभर सासूचे हगणे-मुतणे काढणाऱ्या वहिनीला तो दोन दिवसांच्या मुक्कामात विचारतो, "आई इतकी खंगली कशी?"

हे बोलणे जिव्हारी लागते. मी अशा बायका माझ्या दवाखान्यात रडताना पाहिल्या आहेत. लांबच्या मुलाने पहिला प्रश्न आजाऱ्याबद्दल विचारावा आणि दुसरा सांभाळणाऱ्याबद्दल : "वहिनी, तुमची झोप होते का?" वर्षातून आठ-पंधरा दिवस स्वतः येऊन राहावे आणि त्यांना माहेरी जाऊ द्यावे. पैसे पाठविण्याइतकेच हेही मोलाचे आहे.

घरी आलात की

सुट्टीत आल्यावर पाहुण्यासारखे बसू नये. औषधांचा डबा उघडावा. एकच औषध दोन नावांनी दोन डॉक्टरांकडून चालू आहे का, दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या जातात का ते पाहावे. अशा गोळ्यांनी वृद्धांच्या मूत्रपिंडाला व पोटाला इजा होते. सर्व औषधे डॉक्टरांना एकदा दाखवावीत, मात्र मनाने कोणतेही बंद करू नये.

मोरीत घसरते का? रात्री मोरीपर्यंत दिवा आहे का? धरायला दांडा आहे का? खुब्याचे हाड मोडले की म्हातारा माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. त्या मानाने दांड्याचा खर्च किरकोळ आहे. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या भागाने भूकंपाचे धक्के सोसले आहेत, तेव्हा जड फडताळ, हंडे-कळशांची मांडणी खाटेच्या डोक्याशी नसावी.

सरकारी कामेही याच मुक्कामात उरकावीत. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड मिळते. योजनेतील परराज्यातील रुग्णालयांतही ते चालते. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला दर वर्षी नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, अशा वेळी चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे.

आणि ज्यांच्याकडे कोणीच पाहत नाही, त्यांच्यासाठी २००७ चा कायदा आहे. आईवडील प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात मुलांकडून निर्वाह भत्ता मागू शकतात. सांभाळण्याच्या अटीवर जमीन किंवा घर मुलाच्या नावे केले आणि त्याने सांभाळले नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. मात्र ती अट कागदात स्पष्ट लिहिलेली असावी.

हे सर्व एका दिवसात होणार नाही. ज्यांची मुले बाहेर आहेत त्यांनी हे कात्रण त्यांना पाठवावे. ज्यांचे आईवडील इकडे आहेत त्यांनी येत्या रविवारी दोनच गोष्टी कराव्यात : गोळ्या मोजायला सांगाव्यात आणि शेजाऱ्याचा फोन नंबर लिहून घ्यावा. आणि वडीलधाऱ्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे, दुखत असेल तर दुखते म्हणून सांगा. लपविलेल्या दुखण्याने मुलांची काळजी कमी होत नाही, उलट ती उशिरा आणि एकदम अंगावर येते.