सेटिंग्ज कुठे ठेवायच्या?

चि. मधुरा,

वजनकाट्याच्या प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज विंडोजच्या रजिस्ट्रीत नकोत, जेसन फाइलमध्ये हव्यात, हा तुझा हट्ट मला पटला. साखर कारखान्याने कॉम्प्युटर बदलला की फाइल उचलून नव्यावर टाकायची, झालं काम. क्यूटीत त्यासाठी सगळं नव्याने लिहावं लागत नाही. क्यूसेटिंग्जमधलं रजिस्टरफॉरमॅट तुझ्याकडे एक्स्टेन्शन मागतं आणि दोन फंक्शनं: एक वाचणारं, एक लिहिणारं. असे 16 फॉरमॅट नोंदवता येतात, तुला एक पुरे. नोंदणी मेनच्या सुरुवातीलाच उरकून टाक.

फंक्शनांना उघडलेलं डिव्हाइस आयतं मिळतं. त्यातूनच वाच, त्यातच लिही. स्वतः फाइल उघडायचा शहाणपणा नको. क्यूटी आधी तात्पुरत्या फाइलीत लिहितं आणि मग ती जागेवर आणतं, त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहते. परस्पर लिहिलंस तर ही सोय गेली.

जेसनची खरी गोम डेटाच्या प्रकारांत आहे. पोर्टचं नाव, 9600 बॉड रेट बिनबोभाट जातात. पण विंडोची जागा सेव्हजिऑमेट्री क्यूबाइटअ‍ॅरेत देतं, आणि जेसनला कच्चे बाइट ठाऊक नाहीत. ते बेस64 करून ठेव, शेजारी प्रकाराची खूणही ठेव.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. फाइल बिघडलेली असेल तर वाचणाऱ्या फंक्शनाने फॉल्सच परत करायचं. सेटिंग्जचा रिकामा मॅप देऊन ट्रू म्हणणं सोपं. प्रोग्रॅम सुरूही होतो, डीफॉल्टवर. काटा कॉम4 वर, प्रोग्रॅम कॉम1 वर ताटकळलेला, आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग. त्यात बंद होताना प्रोग्रॅम विंडोची जागा लिहितो, की जुन्या फाइलीत जे हाताने वाचता आलं असतं तेही पुसलं जातं. फॉल्स दिलंस की क्यूसेटिंग्जचा स्टेटस फॉरमॅटएरर होतो, पण त्याने लिहिणं थांबेल या भरवशावर राहू नकोस. ऑब्जेक्ट तयार होताच स्टेटस बघ, बिघडलेल्या फाइलची प्रत बाजूला काढ आणि ऑपरेटरला स्वच्छ मराठीत सांग.

पुढेमागे एसक्यूलाइटमध्ये जायचं मनात आलं, तर मात्र ही वाट सोड. इथे सगळा कारभार फाइलीचा आहे. डेटाबेससाठी स्वतःचा छोटा क्लासच लिही.

चांगली चालणारी फाइल मधोमध कापून प्रोग्रॅम चालवून बघ आणि काय होतं ते कळव. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका