शिक्का, पंच आणि थोडा निवांत वेळ
(हाताने शुभेच्छापत्रे तयार करण्याचा एक पाठ)

बँकेच्या टेबलाशी ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना शिक्का, शाईची गादी आणि पंच यांची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. काउंटरच्या पलीकडे उभ्या राहणाऱ्या ग्राहकांनाही शिक्क्याचा तो ठरावीक आवाज परिचयाचा आहे. मात्र याच साधनांच्या जातीच्या वस्तूंनी एखाद्याचा सण गोड करता येतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. मलाही ते बरेच उशिरा उमगले.

बदलीमुळे मी घरापासून दूर होते. दिवाळी जवळ आली, तेव्हा गावाकडच्या आप्तांना स्वतः केलेली शुभेच्छापत्रे पाठवावीत असे मनात आले. गुळगुळीत, चकचकीत कागद आणला, शाईच्या साध्या गादीवर ठसा टेकवला आणि एका रात्रीत पंचवीस कार्डे पाकिटात घातली. चार दिवसांनी आत्याचा फोन आला. "अगं, तुझं कार्ड मिळालं. पण हे निळं निळं काय पसरलंय? पणती आहे की पक्षी?" आत्याची दृष्टी तेव्हाच मंदावू लागली होती, म्हणून प्रथम मला तिच्या डोळ्यांची शंका आली. पण उरलेली कार्डे उघडून पाहिली, तर दोष शाईचा निघाला आणि त्याहून अधिक माझ्या घाईचा. तेव्हापासून जे शिकले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

थोडा इतिहास

इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली आणि पत्रव्यवहार झपाट्याने वाढला. १८४३ च्या नाताळात हेन्री कोल या गृहस्थांना प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहिणे अशक्य झाले. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापल्या आणि स्वतःला लागणाऱ्या ठेवून बाकीच्या एक शिलिंगला एक अशा विकल्या. नाताळचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र म्हणून ते ओळखले जाते. म्हणजे छापील कार्डाचा जन्मच मुळी वेळ वाचवण्यासाठी झाला. हाताने केलेले कार्ड नेमके उलटे सांगते : तुमच्यासाठी मी वेळ काढला.

कागदाची निवड

कागदाची जाडी 'जीएसएम'मध्ये सांगतात. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन म्हणजे जीएसएम. कार्डासाठी २०० ते २५० जीएसएमचा, चकाकी नसलेला कागद उत्तम. पंचाने आकार कापण्यासाठी मात्र १२० ते १६० जीएसएमचा रंगीत कागद घ्यावा. फार जाड कागदात पंच अडकतो.

हातकागदाची शोभा काही निराळीच. सुती कापडाच्या चिंध्या व कातरणे यांपासून तो तयार होत असल्याने त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पुण्यात १९४० साली हातकागदाची संस्था गांधीजींच्या प्रेरणेने उभी राहिली. जयपूरजवळच्या सांगानेर येथे कागझी कुटुंबांनी हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. हा कागद कार्डाच्या अंगासाठी वापरावा. पंचासाठी नको, कारण त्यातील लांब तंतू धारेत गुंततात आणि कडा पिंजल्यासारखी दिसते.

शाई : जेथे माझी चूक झाली

शाई दोन प्रकारची असते. 'डाय' शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो. ती कागदात मुरते, लवकर वाळते. पण उन्हात ठेवल्यास कालांतराने फिकी पडते. 'पिगमेंट' शाईत रंगाचे सूक्ष्म कण असतात. ते कागदाच्या पृष्ठावर बसतात, रंग गडद व टिकाऊ येतो. पण वाळायला वेळ लागतो. चकचकीत कागद शाई शोषूनच घेत नाही. त्यामुळे ती वरच ओली राहते आणि पाकिटात घासली की पसरते. माझी पणती अशीच पक्षी झाली!

यावर उपाय सोपा आहे. त्याच कागदाच्या तुकड्यावर आधी ठसा उमटवावा, दहा मिनिटांनी त्यावरून बोट फिरवावे. बोटाला रंग लागला, तर ती जोडी बदलावी किंवा कार्डे रात्रभर उघडी वाळू द्यावीत.

घरचे ठसे

विकतच्या ठशांवाचून काही अडत नाही. शाळेत भेंडी आडवी कापून उमटवलेली फुले आपल्याला आठवत असतील. कापलेला भाग फडक्याने टिपून घेतला, तर फूल स्वच्छ उमटते. अधिक टिकणारा ठसा हवा असल्यास खोडरबरावर पेन्सिलीने आकृती काढून भोवतालचा भाग धारदार पात्याने दोन मिलिमीटर खोल कोरून काढावा. अक्षरे कोरायची असतील, तर ती उलटी कोरावी लागतात. ठसा गादीवर हलकेच दोनतीन वेळा टेकवावा, कागदावर सरळ दाबावा, न हलवता सरळ उचलावा. बँकेत घाईने मारलेला शिक्का दुहेरी उमटतो, ते ज्या कारणाने, त्याच कारणाने येथेही उमटतो.

प्रत्यक्ष कृती : पणत्यांची अठरा कार्डे

साहित्य : २५० जीएसएमचे ए-४ आकाराचे ९ कागद (नासाडीसाठी एक अधिक), मातकट रंगाचा एक आणि पिवळा एक ए-४ कागद, ३८ मिलिमीटरचा गोल पंच, पानाच्या आकाराचा लहान पंच, खोडरबराचा ठसा, शाईची गादी, पोलादी पट्टी, संपलेले बॉलपेन, गोंद, सी-६ आकाराची (११४ × १६२ मि.मी.) पाकिटे.

१) ए-४ कागद मधोमध आडवा कापावा. एका कागदातून दोन तुकडे, म्हणजे नऊ कागदांतून अठरा कार्डे होतात. प्रत्येक तुकड्याची घडी घातल्यावर १०५ × १४८ मि.मी.चे कार्ड मिळते. ते सी-६ पाकिटात नीट बसते.

२) जाड कागद थेट दुमडल्यास घडी फुटते. म्हणून पट्टी लावून संपलेल्या बॉलपेनने घडीची रेघ आधी दाबून घ्यावी, मग दुमडावे.

३) पंचाची पोच कागदाच्या काठापासून थोडीच असते. त्यामुळे मातकट कागदाच्या पाच सेंटिमीटर रुंदीच्या चार लांब पट्ट्या कापाव्यात. एका पट्टीतून सात गोल निघतात, चार पट्ट्यांतून अठ्ठावीस. पंच उलटा धरल्यास कागद नेमका कोठे आहे हे दिसते व वाया जात नाही.

४) प्रत्येक गोल मधोमध कापावा. अर्धवर्तुळ म्हणजे पणती! अशा ५६ पणत्या होतात. अठरा कार्डांवर तीन-तीन लावल्या, तर ५४ लागतात आणि दोन शिल्लक राहतात.

५) पिवळ्या कागदातून पानाच्या पंचाने ज्योती कापाव्यात. आधी ज्योत, मग तिच्या बुडावर पणती, अशा क्रमाने चिकटवावे.

६) भोवती ठशाने रांगोळीचे ठिपके उमटवावेत. नवख्याने मात्र ठसे आधी उमटवावेत आणि चिकटकाम नंतर करावे. ठसा बिघडला, तर फक्त कागद जातो, श्रम जात नाहीत.

पंच जड चालू लागला, तर मेणकागदात दहाबारा वेळा दाबावा. धार बोथट वाटली, तर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची पातळ पन्नी चारपदरी करून कापावी.

विक्रीचा विचार असेल तर

अनेक गृहिणी आणि बचत गट ही कार्डे विकू पाहतात. त्यांनी किंमत ठरवताना केवळ कागदाचा खर्च धरू नये. समजा, एका कार्डाचे साहित्य १२ रुपयांचे आहे आणि दहातील एक कार्ड बिघडते. म्हणजे खरा खर्च सुमारे १३ रुपये. तासाला तीन कार्डे होतात आणि तासाचे मोल आपण ६० रुपये मानले, तर श्रमाचे २० रुपये. हत्यारांवर १,८०० रुपये घातले व ती ३०० कार्डांना पुरली, तर त्यांचे ६ रुपये. बेरीज ३९ रुपये होते. तेच कार्ड ३० रुपयांना विकून गल्ल्यात पैसे जमताना दिसतात खरे, पण ते आपल्याच श्रमांचे असतात. म्हणून कर्जाचा विचार करण्यापूर्वी निदान दोन सणांचा हिशेब वहीत मांडावा. ती वही आपल्याला आणि बँकेलाही उपयोगी पडेल.

टपालात टाकण्यापूर्वी

वरील मापाचे कोरे कार्ड सुमारे ८ ग्रॅम भरते. पाकीट व सजावट धरून एक तयार कार्ड वजन करून पाहावे आणि त्यानुसार टपाल कार्यालयात दर विचारून घ्यावा. मणी, टिकल्या असे टणक पदार्थ पाकिटात टाळावेत.

पुढे आत्याची दृष्टी आणखी कमी झाली. मोबाइलवर येणारे रंगीत संदेश तिच्यासाठी नसल्यासारखेच झाले. त्या वर्षी मी तिच्या कार्डावर पणत्या फोमच्या चिकटपट्टीने उचलून लावल्या आणि रांगोळीचे ठिपके कागदाच्या मागच्या बाजूने बॉलपेनने दाबून वर आणले. शाईचा थेंबही वापरला नाही. आठवड्याने तिचा फोन आला. "तीन पणत्या आहेत. मधली जरा वाकडी लागली आहे," ती म्हणाली.

ती वाकडीच लागली होती. दोन पणत्या शिल्लक होत्या, तरी मी ती बदलली नव्हती.

वाचकहो, यंदाच्या सणाला अठरा नकोत, एकच कार्ड करून पाहा. ते कोणासाठी करायचे, एवढे मात्र कागद आणण्यापूर्वी ठरवा. कागद, शाई आणि आकार यांची निवड मग आपोआप सोपी होते.