फवारणी ड्रोनची लिथियम बॅटरी : आगीचा धोका व प्रतिबंध

‘नमो ड्रोन दीदी’ योजनेमुळे फवारणी ड्रोन महिला स्वयंसहायता गटांपर्यंत पोहोचला आहे. ड्रोन उडविण्याचे प्रशिक्षण दिले जाते. परंतु उड्डाणानंतर घरात वा वाहनात ठेवलेल्या बॅटरीकडे अनेकदा दुर्लक्ष होते. आगीचा धोका तेथेही कायम असतो.

आग का लागते?

लिथियम-आयन सेलमध्ये धनाग्र व ऋणाग्र यांच्यामध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो आणि इलेक्ट्रोलाइट ज्वालाग्राही असते. आघात, प्रमाणाबाहेर चार्जिंग, अतिउष्णता किंवा निर्मितीतील दोष यांमुळे पडदा निकामी झाल्यास आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेतात, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते व शेजारचे सेलही पेटतात. यास ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. धनाग्रातील ऑक्साइडमधून प्राणवायू बाहेर पडत असल्याने केवळ हवा रोखून ही आग आटोक्यात येत नाही.

विमान वाहतुकीतील अनुभव

जानेवारी २०१३ मध्ये बोस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या बोइंग ७८७ विमानातील बॅटरीने पेट घेतला. त्याच महिन्यात जपानमध्येही अशा विमानातील बॅटरी निकामी झाली आणि जगभरातील ७८७ विमानांची उड्डाणे थांबविण्यात आली. प्रवाशास विमानातून १६० वॉट-तासांपेक्षा मोठी सुटी बॅटरी नेता येत नाही. ४४.४ व्होल्ट व १६ अँपिअर-तास क्षमतेच्या ड्रोन बॅटरीत सुमारे ७१० वॉट-तास, म्हणजे या मर्यादेच्या चौपटीहून अधिक ऊर्जा असते.

घ्यावयाची काळजी

१. फुगलेली, फाटलेली वा आपटलेली बॅटरी वापरू नये, चार्जही करू नये.

२. उड्डाणानंतर बॅटरी थंड झाल्यावरच चार्जिंगला लावावी. उत्पादकाने सुचविलेला चार्जर वापरावा. रात्रभर चार्जिंग सुरू ठेवू नये.

३. चार्जिंगची जागा सिमेंटच्या फरशीची, हवेशीर आणि कडबा, डिझेल, खते व कीटकनाशकांपासून दूर असावी. झोपण्याच्या खोलीत वा दाराच्या वाटेवर चार्जिंग टाळावे.

४. लिथियम पॉलिमर बॅटरी अधिक दिवस ठेवावयाची असल्यास प्रति सेल सुमारे ३.८ व्होल्ट राखावे. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्टचा असतो. साठलेली ऊर्जा कमी असल्यास आगीची तीव्रताही कमी राहते.

५. वाहतुकीत बॅटरी ड्रोनपासून वेगळी करून तिची टोके झाकावीत. उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनात ती ठेवू नये.

६. आग लागल्यास सर्वांनी दूर जावे. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. तत्काळ अग्निशमन दलास कळवावे. विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती उचलून आत आणू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक ड्रोन प्रात्यक्षिकाची सुरुवात बॅटरीच्या तपासणीने करावी.