इनामगावचे कोठार आणि आपले एक मत

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांहून जुन्या या शेतकरी वसाहतीत पाण्याचा कालवा सापडला. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याशेजारी धान्यकोठारही सापडले. ते घर वसाहतीच्या प्रमुखाचे असावे, असे संशोधक मानतात. कालवा अनेकांच्या श्रमाशिवाय होत नाही. कोठारावर सत्ता मात्र कोणाची होती, हे इतिहास शिकताना आपण विचारले पाहिजे.

हाच प्रश्न आजही उभा आहे. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत व जमीन जातिभेद न करता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी, असे बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मांडले. उपजीविका मक्तेदाराच्या हाती गेली की नागरिकाचे हक्कही दुबळे होतात, हे त्यांनी ओळखले होते.

सहकारी संस्थेत भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. तरीही महाराष्ट्रातील अनेक सहकारी साखर कारखाने खासगी हातांत गेले; आणि भूमिहीन ऊसतोड कामगार तर बहुधा सभासदच नसतो.

म्हणून आमचे माजी विद्यार्थ्यांना सांगणे आहे: वार्षिक सभेला जा, ताळेबंद वाचा, हिशेब मागा आणि ज्यांना मत नाही त्यांची संस्था उभी करा. श्रम सर्वांचे असतील, तर कोठारही सर्वांचे झाले पाहिजे.