नवे कॉफीयंत्र

आमच्या घरी कॉफी होई ती दुधात उकळलेली, जायफळ घातलेली. गेल्या दिवाळीला मुलाने बंगळूरहून विजेवर चालणारे कॉफीयंत्र पाठविले, तेव्हा सर्वांत अधिक हरखलो तो मीच.

खोके उघडताच मी टाकीत पाणी ओतले, जाळीच्या वाटीत पूड भरली आणि कळ दाबली. यंत्र घरघरले, थरथरले. पेल्यात थेंबही पडला नाही. "यंत्र बिघडलेलेच आले," असा निकाल मी देऊन टाकला. माझी नात सुमन सातवीत आहे. ती खोक्याच्या तळाची पुस्तिका वाचीत होती. ती हळूच म्हणाली, "आजोबा, पहिल्याच पानावर लिहिले आहे, आधी कॉफी न घालता नुसते पाणी सोडावे." प्रश्नपत्रिका दोनदा वाचल्यावाचून लेखणी उचलू नका, असे जन्मभर मुलांना बजावणारा मी! सुमनने ते बोलून दाखविले नाही, ही तिची कृपा.

नव्या पंपात हवा कोंडलेली असते. नुसते पाणी सोडले की ती निघून जाते व नळ्याही धुतल्या जातात. आमच्या विहिरीच्या पाण्यात क्षार फार. तापविले की भांड्याला आतून पांढरा थर धरतो. तो यंत्रातही धरला असता, म्हणून आम्ही नगरपालिकेच्या नळाचे पाणी घेतले.

हे यंत्र करते तरी काय? सुमारे ९३ अंश सेल्सियस तापलेले पाणी, हवेच्या दाबाच्या जवळजवळ नऊपट दाबाने, ठासून भरलेल्या पुडीतून ते ढकलते. इटलीतील मिलान शहरच्या लुईजी बेझेरा यांनी १९०१ साली वाफेच्या दाबाचे यंत्र रचिले. परंतु वाफेमुळे कॉफी करपट लागे. पुढे त्याच शहरच्या आकिल्ले गाज्जा यांच्या १९४८ सालच्या यंत्रात दट्ट्या पाणी ढकलू लागला आणि कॉफीवर सोनेरी फेस धरू लागला.

आता खरी परीक्षा होती ती दळणाची. मुलाने बियांबरोबर लहानशी हातचक्कीही पाठविली होती. पहिले दळण भरड निघाले. पाणी आठ सेकंदांत धावत खाली आले. कॉफी पाणचट आणि आंबट! मग मी चक्कीचे मळसूत्र पुरते आवळले. पूड मैद्यासारखी झाली आणि पाणी अडूनच बसले. मी चिडून वाटी ओढावयास हात घातला, तोच सुमनने माझे मनगट धरले. "आजोबा, आत दाब आहे! थांबा." पुस्तिकेत तेही होते. अडलेली वाटी तशीच काढली, तर उकळता चोथा अंगावर उडतो. कळ बंद करून आम्ही दहा मिनिटे नुसते बसून राहिलो. माझा हात मात्र उगीचच थरथरत होता.

त्यानंतर चक्कीचे मळसूत्र सुमननेच फिरविले, प्रत्येक वेळी अगदी थोडे. सेकंद मोजून ती वहीत आकडे मांडीत गेली. पाचव्या पेल्याला २८ सेकंद लागले. मधासारखी दाट धार आली. वर सोनेरी फेस.

पेला आम्ही आजीपुढे ठेवला. तिने एक घोट घेतला, क्षणभर विचार केला आणि ती उठून जायफळ व किसणी घेऊन आली.