कुठला टेम्पो उभा करू?

अगं, दिवाळीच्या छोट्या देखाव्यात सांगोल्याचं जुनं स्टेशन मांडलंस, रूळ अंथरलेस आणि आता माल वाहणाऱ्या ट्रक-टेम्पोंपाशी अडलीस होय? खरं सांगू का, दुकानं पालथी घालण्याआधी एक साल ठरव. आपली बार्शी लाइट रेल्वे मिरजेपर्यंत पोचली १९२७ला, सरकारकडे आली १९५४ला आणि त्यानंतरही कित्येक वर्षं धावली. एवढ्या काळातल्या गाड्या एका आवारात कशा नांदतील? तू आपली १९६५ धर.

मग स्टेशनच्या दारात टाटा-मर्सिडीजचा ट्रक शोभेल. टाटा आणि जर्मन कंपनीचा करार १९५४ ते १९६९, म्हणजे नाकावर तो तीन पात्यांचा तारा हवाच. शेजारी बजाज टेम्पोची तीनचाकी हॅन्सीट. पुढे एकच चाक, त्यावर फुगीर नाक, मागे उघडा हौदा. माझी फार लाडकी गाडी ती! छोटा हत्ती टेम्पो मात्र २००५चा, कितीही गोजिरा दिसला तरी घेऊ नकोस. नंबरप्लेटवर एमएच १३ही नको, ती पद्धत १९८९नंतरची.

मापाला घाबरू नकोस गं. तुझे नॅरोगेजचे रूळ नऊ मिलिमीटर अंतराचे, म्हणजे माप १:८७. त्यात साडेपाच फुटी माणूस जेमतेम दोन सेंटिमीटर भरतो. तसा एक माणूस पर्समध्येच ठेव आणि घेण्याआधी गाडीच्या दाराशी उभा करून बघ. खेळण्याच्या दुकानातल्या बऱ्याचशा छोट्या गाड्या १:६४च्या असतात, त्याच्यापुढे त्या राक्षसासारख्या दिसतील. १:८७मध्ये जुने मर्सिडीज ट्रक जर्मनीच्या ब्रेकिना, विकिंग यांचे मिळतात. त्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं, पण बघ, काचेआड ड्रायव्हर उजवीकडे चिकटवलास की झालं. वरची चकाकी मॅट वॉर्निशने मार. मग खडूच्या पुडीत चिमूटभर गेरू कालवून मऊ ब्रशने चाकांवर नि मडगार्डखाली लाव. आपल्या माणदेशी धुळीशिवाय ती गाडी सांगोल्याची वाटायचीच नाही.

आणि एक ट्रक, एक हॅन्सीट एवढंच पुरे हं, जास्त खर्च करू नकोस. बाकीचं आवार बैलगाड्यांनी भर, त्यात ज्वारीची पोती रच, लांब शिंगांचे खिलार बैल जुंप. डाळिंबाचे क्रेट मात्र ठेवू नकोस. ते पीक इकडे फोफावलं पुष्कळ नंतर. देशातली शंभरावी किसान रेल आपल्या सांगोल्यातून सुटली, ती डिसेंबर २०२०मध्ये, ब्रॉडगेजवरून. तो देखावा आपण पुढच्या दिवाळीत वेगळा मांडू, छोटा हत्ती त्यात घे.